पितळी सोऱ्यात पीठ वर चढतं

प्रश्न : जुना फिरकीचा पितळी सोऱ्या आहे. चकलीचं पीठ दट्ट्याच्या कडेने वर चढतं, खाली पडतं त्याचे तुकडे होतात. २ वाट्या भाजणीला सव्वा वाटी पाणी घेतलंय.

– पाणी कमी पडतंय. पावणेदोन वाट्या उकळतं पाणी आणि २ मोठे चमचे मोहन घ्या. अर्धा तास झाकून ठेवा, मग पाण्याचा हात लावून मळा. घट्ट पिठाला चकतीतून वाट मिळत नाही, म्हणून ते वर येतं.

– मोहन मात्र वाढवू नका हं, चकली तेलात विरघळते.

– चकतीही बघा. चांदणीच्या टोकांत जुनं पीठ वाळून बसतं; गरम पाण्यात भिजवून टाचणीने काढा. आतून तेलाचा हात फिरवून सोऱ्या पाऊणच भरा. चिंचेने घासल्यावर लगेच कोरडा पुसा, नाहीतर पितळेवर हिरवट डाग धरतात.