शब्दचर्चा: 'व्हीटवाइन'ला मराठीत काय म्हणावं? आणि ती दाट की घट्ट?

पिठूळ चांदणं
मी सॅक्रॅमेंटोजवळ राहते. घरी बिअर बनवणाऱ्यांचं इथे एक मंडळ आहे, त्यांच्या स्पर्धांत मी अधूनमधून परीक्षक म्हणून बसते. पुढच्या महिन्यात चार-पाच मराठी घरांतली मंडळी हौसेने चव घ्यायला येणार आहेत. त्यांच्यासाठी गुणपत्रिका मराठीत करायला घेतली आणि नावावरच अडले.

पेय आहे व्हीटवाइन. नावात वाइन असली तरी ही बिअरच, द्राक्षाचा संबंध नाही. निम्मं किंवा त्याहून जास्त माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गव्हाचं, बाकी बार्लीचं. मद्यार्क ८ ते १२ टक्के. बार्लीवाइनची, म्हणजे बार्लीच्या तशाच कडक बिअरची, धाकटी बहीण म्हणा. आणि ही आमच्याच गावची: सॅक्रॅमेंटोच्या रुबिकॉन ब्रुअरीने १९८८ साली पहिल्यांदा बनवली.

अडलेले शब्द असे: नाव, मग 'बॉडी' (पेय तोंडात किती भरीव लागतं ते), आणि मद्यार्काची 'वॉर्म' व 'हॉट' ही जोडी. 'वॉर्म' असली तर गुण, 'हॉट' असली तर दोष. दोन्हींना 'गरम' लिहिलं तर लोक पेला मायक्रोवेव्हमध्ये ठेवतील.

कोपऱ्यातला कोश
ताई, नाव तयार आहे. मनुस्मृतीत सुरेचे तीन प्रकार सांगितलेत: गौडी, पैष्टी आणि माध्वी. गुळाची ती गौडी, पिठाची ती पैष्टी. तुमची पिठाची, म्हणून पैष्टी. गहूच हवा असेल तर 'गोधूमसुरा'. 'किण्वन' हा शब्द आपण शाळेच्या विज्ञानात शिकलो, त्यातलं 'किण्व', म्हणजे आंबवण्यासाठी घालायचं विरजण, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात आहे. पीठ आणि किण्व किती घ्यायचं याची मापंसुद्धा तिथे दिलीत. म्हणजे ही परिभाषा आपल्याला नवी नाही.

नाशिकची द्राक्षं
'पैष्टी' वाचून मला पौष्टिक लाडू आठवले.
गंमत बघा, त्याच अर्थशास्त्रात द्राक्षाच्या रसाच्या मद्याला 'मधु' म्हटलंय. आज मधु म्हणजे मध. जुने शब्द उकरून काढले की ते असे भलत्याच घरी निघतात.

मुळात 'वाइन' याच शब्दाचा आपल्याकडे बट्ट्याबोळ आहे. महाराष्ट्रात 'वाइन शॉप'मध्ये वाइन कोपऱ्यात असते, पुढे सगळी व्हिस्की आणि रम. आमच्या नाशिकला वाइन म्हणजे द्राक्षाचीच, पण बाकी राज्यात तो 'दारू'ला सभ्य पर्याय आहे. तेव्हा 'गव्हाची वाइन' म्हटलं तर निम्मे लोक 'गव्हाची दारू' ऐकणार.

पिठूळ चांदणं
खरंय. इंग्रजीतही तो शब्द खोटाच आहे. वाइनइतकी कडक म्हणून वाइन, एवढंच. अमेरिकेत बिगफूट नावाच्या बार्लीवाइनच्या बाटलीवर 'बार्लीवाइन स्टाइल एल' असं लांबलचक लिहिलेलं असतं, शेवटी 'एल' (बिअरचाच एक प्रकार) आहेच, म्हणजे कुणी द्राक्षाची समजू नये. पण खोटा असला तरी जुना आहे. ग्रीक सेनानी आणि लेखक झेनोफन याचं सैन्य इ.स.पूर्व ४०१-४०० च्या हिवाळ्यात आर्मेनियातून परतत होतं, तेव्हा तिथल्या खेड्यांत त्यांना 'जवाची वाइन' मिळाली. वर जवाचे दाणे तरंगत होते आणि ती बोरूच्या नळीने ओढून प्यायची. पाणी घातलं नाही तर फार कडक, पण सवय झाली की छान, असं तो लिहितो. अडीच हजार वर्षांपूर्वीची टेस्टिंग नोट आहे ही, आणि कुठल्याही परीक्षकाने सही करावी इतकी नेमकी.

आजीचा पाटा
बार्लीला मराठीत सातू म्हणतात हे कुणी सांगितलं नाही का अजून? पण 'सातूची वाइन' म्हटलंत तर माझ्या डोळ्यांसमोर उन्हाळ्यातलं सातूचं पीठ येणार, गूळ आणि दूध घालून कालवलेलं. त्यातही गंमत म्हणजे आमच्या घरच्या सातूच्या पिठात सातू नसायचाच. गहू आणि डाळवं, वर वेलदोडा. म्हणजे सातूच्या पिठात गहू आणि गव्हाच्या वाइनमध्ये सातू! आणि 'जव' म्हणाल तर लोक जवसाची चटणी आणतील.
नाव व्हीटवाइनच ठेवा. इडलीला कुणी 'वाफवलेली तांदूळवडी' म्हणत नाही.

कोपऱ्यातला कोश
इडलीचं उदाहरण गैरलागू आहे, पण मुद्दा पोचला. पैष्टी मागे घेतो. किण्वन ठेवा.

देवळाली कॅम्प
अवांतर: पुण्यात २००९ मध्ये 'डूलॅली' नावाची मायक्रोब्रुअरी, म्हणजे छोटी बिअरभट्टी, सुरू झाली. 'डूलॅली' हा शब्द आमच्या देवळालीचा. मायदेशी परतायची वाट बघत तिथल्या छावणीत पडून राहिलेले गोरे सोजीर वेडे व्हायचे, म्हणून इंग्रजीत 'डूलॅली' म्हणजे डोकं फिरलेला. बिअरच्या चर्चेत गावाचं नाव आलं की ऊर भरून येतो, हे जरा विचित्रच.

आजीचा पाटा
आता 'बॉडी'. स्वयंपाकघरात या. बासुंदी दाट असते, पिठलं घट्ट असतं, ताक पातळ, आणि साबुदाण्याची खिचडी पोटाला जड. दाट म्हणजे अजून वाहतंय. घट्ट म्हणजे वाहणं थांबलं. पिण्याच्या वस्तूला 'घट्ट' म्हणणं चूक. 'जड' हा तर पचनाचा शब्द, चवीच्या कागदावर नकोच.

नाशिकची द्राक्षं
'अंग' का नको? 'अंगाबरोबर रस' म्हणतोच की आपण भाजीला.

आजीचा पाटा
अहो, तिथे रस किती तेवढं सांगितलंय, कसा ते नाही. अंगाबरोबर रस पातळही असू शकतो.

पिठूळ चांदणं
'दाट' पक्कं. पण नुसत्या दाटाने भागत नाही. गव्हात प्रथिनं जास्त, त्यामुळे ही तोंडात मऊ आणि भरलेली लागते. इंग्रजी पत्रिकेत 'च्यूई' लिहितात, म्हणजे जणू चावता येईल. याला काय? 'चिवट' म्हटलं की शिळी पोळी.
(गव्हाला टरफल नसतं, म्हणून बनवताना रस गाळणं हा छळ असतो. गाळणी तुंबते. त्यात भाताचं तूस मिसळावं लागतं. 'तूस' हा शब्द मला इथे येऊन पुन्हा सापडला.)

आजीचा पाटा
चीक!
कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटून, पिळून, गाळून ठेवायचं आणि सकाळी वरची निवळी ओतून टाकायची. खाली राहतो तो चीक. तो शिजवला की कुरडया घालायच्या आधी आम्हा पोरांना वाटीवाटी मिळायचा, वर तूप. गिळायचाच, पण जिभेला वाटतं की चावतोय. तुमचं 'च्यूई' ते हेच. भिजलेल्या गव्हाचा तो आंबूस वास मात्र तुमच्या पेल्यात नको.

पिठूळ चांदणं
अंगावर काटा आला. दहा वर्षं मी हे पेय चाखतेय आणि 'हे कशासारखं' याचं उत्तर सापडत नव्हतं. आंबूस वास खरोखरच दोष धरतात.

कोपऱ्यातला कोश
'चाखतेय' लिहिलंत. पत्रिकेवर 'चाखणे' लिहू नका, पाहुणे चखणा कुठे आहे विचारतील. 'चव पाहणे' बरं.
'वास'चा विचार करा. 'वास येतोय' म्हटलं की आपण नाक मुरडतो. सुवास म्हणावं तर निकाल आधीच लागला. 'गंध' तटस्थ आहे.

आजीचा पाटा
गंध कपाळाला लावतात. वासच ठेवा. वास कसला ते पुढे लिहायचंच आहे ना? खमंग, खरपूस, करपट या एका ओळीत भाजण्याच्या तीन पायऱ्या आहेत. दोन चांगल्या, तिसरी वाईट. इंग्रजीत एवढी सोय असेल तर दाखवा.

देवळाली कॅम्प
गव्हाची बिअर म्हणजे केळ्याचा आणि लवंगेचा वास ना? मी जर्मन प्यायलोय.

पिठूळ चांदणं
दादा, नवखे परीक्षक नेमके इथेच फसतात. केळं-लवंग हे त्या जर्मन यीस्टचं काम, गव्हाचं नव्हे. व्हीटवाइनमध्ये तो वास आला तर गुण कापायचे. इथे हवा पावाचा, कणकेचा, थोडा मधाचा. कडवटपणा बेताचाच. जुनी झाली की खजूर-मनुका येतात, ते चालतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला की हवा लागली समजायचं.

आणि 'वॉर्म-हॉट' राहिलंच.

नाशिकची द्राक्षं
ऊब आणि चटका. ऊब छातीत उतरते, चटका घशाला बसतो. गोधडीला चटका नसतो आणि तव्याला ऊब नसते.

कोपऱ्यातला कोश
+१. यावर बोलण्यासारखं काही शिल्लक नाही.

देवळाली कॅम्प
प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (तव्यावरचा विनोद जमला नाही.)

पिठूळ चांदणं
झाला कार्यक्रम. पेले लहानच ठेवले होते, कारण बिअरचे परीक्षक घोट थुंकत नाहीत आणि बाटली १० टक्क्यांची होती. पत्रिका पन्नास गुणांची. पहिल्या बाटलीला सगळ्यांच्या सहमतीने पडलेले गुण:

वास: १२ पैकी ९. खरपूस पाव, किंचित मध. केळं नाही.
रूप: ३ पैकी ३. जुन्या तांब्याचा रंग, फेस पांढरा.
चव: २० पैकी १४. आधी गोडसर, मग बेताची कडवट. शेवटी चटका, तिथे गुण गेले.
पोत: ५ पैकी ४. दाट, मऊ.
एकूण मत: १० पैकी ७.

बेरीज ३७. अडतीसपासून वरची पायरी सुरू होते, म्हणजे एका गुणाने हुकली. तीस ते सदतीसच्या पायरीला मी मराठीत 'बरी' लिहिलं होतं. त्यावरून अर्धा तास वाद. कोल्हापूरचे म्हणाले बरी म्हणजे चांगली, पुण्याचे म्हणाले बरी म्हणजे घरी गेल्यावर बोलू. शेवटी खोडून 'छान' केलं.

एक काकू बिअर पीत नाहीत, नुसत्या लेकीबरोबर आल्या होत्या. त्यांनी एकच घोट घेतला आणि पोताच्या रकान्यात लिहिलं: "चीक. तूप राहिलं." या धाग्याबद्दल त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, मी विचारून खात्री केली.

आजीचा पाटा
काकू कुठल्या?

पिठूळ चांदणं
अमरावतीच्या.

आजीचा पाटा
वाटलंच.