महागड्या व्हीआर हेडसेटला आपल्या भागात उठाव आहे का? दुकानात माल भरण्याआधी सल्ला हवा आहे

प्रश्न: विक्रेता, धुळे

नमस्कार मंडळी. धुळ्यात आमचे मोबाइल आणि घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे दुकान वडिलांच्या काळापासून आहे. आमचा बहुतेक धंदा दिवाळी, लग्नसराई आणि आखाजी या तीन हंगामांत होतो, आणि कापसाचा पैसा हातात आला की गिऱ्हाईक आपोआप वरच्या किमतीच्या वस्तूंकडे वळते, हा आजवरचा अनुभव आहे. गेल्या दिवाळीत मी मेटा कंपनीचा क्वेस्ट 3 हा व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी दृश्य चहूबाजूंनी पाहायचे यंत्र, डेमो पीस म्हणून काउंटरवर ठेवला. तीन आठवड्यांत शंभराहून अधिक माणसांनी तो डोळ्यांवर चढवून पाहिला. साक्रीकडून मिक्सर घ्यायला आलेल्या एका आजींना नातवाने केदारनाथचे चहूबाजूंनी दिसणारे चित्रण दाखवले, तेव्हा त्यांनी भर दुकानात हात जोडले आणि मंदिराच्या पायरीला हात लावायला म्हणून त्या पुढे वाकल्या. नातवाने त्यांना वेळीच धरले. हेडसेट काढल्यावर त्यांचे डोळे पाणावले होते. मी किंमत सांगितली, तेव्हा त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, हाई घर लई जाईसन काय करू?”

एवढ्या माणसांपैकी एकानेही बिल फाडले नाही. हप्त्यांची सोय होती, ती सांगूनही नाही. मला कोडे पडले आहे ते इथेच, कारण याच काउंटरवरून 80 हजारांचे मोबाइल हप्त्यावर जातात आणि मोठ्या पडद्याचे टीव्हीही जातात. माणसाकडे पैसा नाही किंवा त्याला नवलाई नको आहे, असे मला म्हणता येत नाही.

आता एक घाऊक व्यापारी दहा नगांचा माल देऊ करत आहे. माल परत घेणार नाही आणि पैसे आगाऊ, अशी त्याची अट आहे. हा आयात केलेला माल असल्याने वॉरंटीचे उत्तर गोलमोल मिळते. डेमो पीसचा हातात धरायचा एक कंट्रोलर बंद पडला, तेव्हा तो दुरुस्त करून घेण्यासाठी मला दोन महिने हेलपाटे घालावे लागले आणि शेवटी पदरच्या पैशाने नवीन घ्यावा लागला. अशा स्थितीत चार-पाच लाखांचे भांडवल अडकवावे का? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लोकांना ही वस्तू एवढी आवडते, तरी ते ती विकत का घेत नाहीत? ज्यांनी घेतली आहे किंवा या क्षेत्रात जे काम करतात, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

उत्तर 1: जळगावकर

दादा, मी स्वतः ही वस्तू विकत घेतलेला माणूस आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझे मेहुणे दुबईला असतात. त्यांनी 2024 च्या सुरुवातीला क्वेस्ट 3 आणून दिला. पहिले पंधरा दिवस आमच्या घरी जत्रा होती. सगळी इमारत येऊन गेली. तिसऱ्या आठवड्यात मी एकटाच तो लावत होतो, आणि दोन महिन्यांनी तो कपाटात स्वेटरांच्या खालच्या कप्प्यात गेला. अधूनमधून पाहुणे आले की बाहेर निघतो. वस्तू वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगतो. चित्र सुंदर दिसते आणि आवाज चांगला आहे. तरीही तो कपाटात का गेला, यावर मी बराच विचार केला आहे.

आपल्याकडे मोठी खरेदी घर करते. टीव्ही घेतला की आईची मालिका, वडिलांच्या बातम्या, मुलांचे कार्टून आणि सगळ्यांची क्रिकेटची मॅच, अशी चार माणसांची कामे एका वस्तूत होतात. मोबाइल एकट्याचा असला तरी त्यावर पैसे येतात-जातात, धंद्याचे फोन होतात आणि लग्नाचे फोटो निघतात. हेडसेट मात्र एका वेळी एकाच माणसाचा असतो, आणि तो लावलेला माणूस घरात असूनही घरात नसतो. माझी पत्नी एकदा म्हणाली की तुम्ही हे लावून बसलात की मला तुमच्याशी बोलताना भिंतीशी बोलल्यासारखे वाटते. या मुद्द्यावर मला उत्तर सुचले नाही. या हेडसेटमधून बाहेरची खोली दिसते, हे खरे, पण समोरच्याला आपले डोळे दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट जागेची. उभे राहून खेळायचे असेल, तर साधारण दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद मोकळी जागा हवी. आमच्या पुढच्या खोलीत दिवाण, शोकेस आणि कूलर आहे. खेळताना हात जोरात फिरला आणि कंट्रोलर शोकेसवर आपटून काच तडकली, ती अजून तशीच आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा कपाळावर अर्धा किलोचे यंत्र बांधून घेण्याची कल्पनाच नको वाटते. चेहऱ्याला लागणारा फोम दहा मिनिटांत घामाने ओला होतो. ॲपलच्या व्हिजन प्रो या महागड्या हेडसेटच्या माहितीपत्रकातच ते 0 ते 30 अंश तापमानात वापरावे असे दिले आहे. आपल्याकडे एसी असल्याशिवाय उन्हाळ्यात ही अट पाळता येणार नाही.

आता किमतीबद्दल. आपण विक्रेते आहात म्हणून ही बाजू नीट पाहावी असे मला वाटते. व्हिजन प्रो 2 फेब्रुवारी 2024 रोजी अमेरिकेत 3,499 डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे 2 लाख 90 हजार रुपयांना, विक्रीस आले. एवढ्या किमतीला त्याची बॅटरी तारेने जोडून खिशात ठेवावी लागते आणि त्या पहिल्या मॉडेलमध्ये ती सर्वसाधारण वापरात सुमारे दोन तास पुरते. हे यंत्र अभियांत्रिकीच्या दृष्टीने अफाट आहे, पण सामान्य घराने ते कशासाठी घ्यावे याचे उत्तर त्यात सापडत नाही. उलट जे हेडसेट खपले, ते स्वस्त होते. 2020 मध्ये 299 डॉलरला आलेला क्वेस्ट 2 जगभर पसरला. त्याच कंपनीने ऑक्टोबर 2022 मध्ये 1,499 डॉलरचा क्वेस्ट प्रो काढला, तेव्हा पाच महिन्यांतच त्याची किंमत 999 डॉलरवर आणावी लागली. सोनीने फेब्रुवारी 2023 मध्ये सुमारे 550 डॉलरला आणलेला प्लेस्टेशन व्हीआर 2 दोन वर्षांनी 400 डॉलरवर आला. म्हणजे आपण दहा नग भरून ठेवले आणि मध्येच वरून किंमत उतरली, तर तोटा आपल्या अंगावर येईल, कारण माल परत जाणार नाही. सोन्याचा दर पडला तरी सोने सोनेच राहते. हेडसेट दोन वर्षे पडून राहिला, तर नवे मॉडेल आल्यावर त्याला कोणी विचारत नाही.

माझे प्रांजळ मत असे की दहा नग घेऊ नयेत.

उत्तर 2: शेतकरी, शहादा तालुका

जळगावकर भाऊंनी लिहिले ते पटले. माझ्या मुलाने बारावीनंतर हेच मागितले होते. आम्ही घरात बसून हिशेब केला. तेवढ्या पैशात त्याच्या शिक्षणाला उपयोगी पडेल असा चांगला लॅपटॉप येत होता किंवा मिरचीच्या वावरातील जुने ठिबक बदलता आले असते. मुलानेच लॅपटॉप घेऊ या असे सांगितले. तो हट्टी नाही, आणि त्याला हेडसेटची आवड नव्हती असेही नाही. आम्ही हप्ता घ्यायचा म्हटला की आधी पाहतो की ती वस्तू हप्ता फिटेपर्यंत रोज कामाला येईल का. मोटारसायकलचा हप्ता जड वाटत नाही, कारण ती रोज दारातून निघते. विक्रेत्यांनी गिऱ्हाइकाला कंजूष समजू नये, एवढीच विनंती आहे.

उत्तर 3: नेत्रतपासनीस, नंदुरबार

मी चष्म्याच्या व्यवसायात आहे आणि माझा मुद्दा डोळ्यांचा आहे. तो विक्रीशी थेट जोडलेला असूनही दुकानात सहसा कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते.

डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्यांमधील अंतर प्रत्येकाचे वेगळे असते, आणि हेडसेटची भिंगे त्या अंतराशी जुळली नाहीत तर चित्र धूसर दिसते व डोके जड होते. क्वेस्ट 2 आणि त्यानंतरच्या स्वस्त क्वेस्ट 3एस मध्ये 58, 63 आणि 68 मिलिमीटर अशा तीनच जागा आहेत. क्वेस्ट 3 मध्ये फिरवायचे चाक आहे, त्यामुळे ते अंतर अधिक नेमके जुळवता येते. दादा, आपल्या दुकानात शंभर माणसांनी हेडसेट पाहिला, तेव्हा प्रत्येक वेळी हे चाक फिरवून दिले होते का? तसे झाले नसेल, तर त्यांतील कित्येकांनी ती वस्तू तिच्या खऱ्या रूपात पाहिलीच नाही.

ज्यांना चष्मा आहे त्यांची अडचण आणखी मोठी आहे. चष्म्यावर हेडसेट चढवला की काड्या कानाशी रुततात आणि दोन्ही काचा एकमेकींना घासतात. व्हिजन प्रोमध्ये चष्मा घालताच येत नाही. त्यासाठी नंबरची वेगळी भिंगे घ्यावी लागतात आणि त्यांचे 149 डॉलर निराळे मोजावे लागतात.

याशिवाय एक मूळ अडचण आहे, आणि ती किंमत वाढवून आजवर सुटलेली नाही. आपण जवळची वस्तू पाहतो, तेव्हा दोन्ही डोळे आत वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातील भिंगही जवळचा नेम धरते. ही जोडी जन्मभर एकत्र काम करते. हेडसेटमध्ये पडद्याचा नेम एका ठरावीक अंतरावर बांधलेला असतो, त्यामुळे चित्रातील वस्तू नाकाजवळ आली तर डोळे आत वळतात, पण भिंगाला नेम तिथेच ठेवावा लागतो. ही ओढाताण अर्ध्या तासात थकवा आणते. शिवाय डोळ्यांना आपण धावत आहोत असे दिसते आणि कानातील तोल सांभाळणारा अवयव मात्र आपण स्थिर आहोत असे सांगतो, त्यामुळे काहींना एसटीत घाट लागल्यासारखे मळमळते. दुकानात पाच मिनिटांत हे कळत नाही, घरी गेल्यावर कळते. मग ते गिऱ्हाईक शेजाऱ्याला जे सांगते, त्यावर पुढची विक्री ठरते.

माझ्या काउंटरवर लोक कशाबद्दल विचारतात तेही सांगते. मे 2025 मध्ये भारतात 29,900 रुपयांपासून आलेल्या रे-बॅन मेटा चष्म्याबद्दल तरुण मुले विचारतात. त्यात पडदा नाही. कॅमेरा, स्पीकर आणि बोलून प्रश्न विचारण्याची सोय एवढेच आहे. तरीही ऑक्टोबर 2023 मध्ये बाजारात आल्यापासून 2025 च्या सुरुवातीपर्यंत जगात त्याचे 20 लाख नग खपल्याचे तो बनवणाऱ्या एसिलोरलक्सोटिका कंपनीने सांगितले. तो चष्म्यासारखा दिसतो, त्यात नंबरची काच बसते आणि तो घालून चारचौघांत बोलता येते. मला यातच ग्राहकाचा कल दिसतो.

उत्तर 4: तंत्रशिक्षक, भुसावळ

घरगुती ग्राहकाबद्दल वरील मंडळींनी योग्य लिहिले आहे. तरीही मागणी मुळीच नाही असे म्हणणे मला मान्य नाही, ती वेगळ्या दारात आहे. आमच्याकडे वेल्डिंग शिकणारा मुलगा पहिल्या महिन्यात जेवढे रॉड आणि पत्रे वाया घालवतो, तेवढ्यात हात बसवण्याचा मोठा सराव व्हीआरमध्ये होऊ शकतो, आणि ठिणगी डोळ्यात जाण्याची भीतीही नसते. खरी वेल्डिंग त्यानंतर करावीच लागते, पण हाताचा कोन आणि वेग तिथे समजतो. अमेरिकेतील वॉलमार्टने 2018 मध्ये कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी आपल्या दुकानांमध्ये 17 हजार ऑक्युलस गो हेडसेट देण्याचे ठरवले होते. तो 199 डॉलरचा साधा हेडसेट होता, हे लक्षात घ्यावे.

महागड्या यंत्रांना संस्थांचे दार तरी नेहमी उघडे असते असेही नाही. मायक्रोसॉफ्टचा 3,500 डॉलरचा होलोलेन्स 2 हा हेडसेट कारखाने आणि दवाखान्यांसाठीच होता, तरी ऑक्टोबर 2024 मध्ये त्याचे उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले. क्वेस्ट बनवणाऱ्या मेटाच्या विभागाला 2024 या एका वर्षात 17 अब्ज डॉलरहून अधिक परिचालन तोटा झाला. एवढी मोठी कंपनी तो सोसू शकते, पण धुळ्याच्या दुकानाने तसा धीर धरणे परवडणारे नाही. संस्थेला पक्के बिल, जागेवर येऊन शिकवणारा माणूस आणि बिघडल्यास बदली नग एवढे मिळाले, तर ती दोन-तीन नग घेण्याचा विचार करू शकते. आपण दहा नग विकण्याऐवजी दोन नग भाड्याने फिरवावेत, असे मी सुचवतो.

प्रश्नकर्ता, धुळे

सर्वांचे मनापासून आभार. ताई, आपण विचारलेल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की मी ते चाक एकदाही फिरवून दिले नव्हते, कारण ते कशासाठी असते हेच मला माहीत नव्हते. काल पुतण्याच्या डोळ्यांवर हेडसेट चढवून ते हळूहळू फिरवले, तेव्हा एका जागी तो म्हणाला, “काका, आता अक्षरे वाचता येतात.” दिवाळीत त्याच मुलाने सगळे पुसट दिसते म्हणून तो दोन मिनिटांत काढून ठेवला होता.

शहाद्याच्या दादांचे म्हणणे मी वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी 2023 मधली एक आठवण काढली. त्या वर्षी आयपीएलच्या वेळी जिओडाइव्ह नावाचा, मोबाइल आत ठेवून पाहायचा 1,299 रुपयांचा डबा निघाला होता, आणि त्याची चौकशी आमच्याकडे बरेच जण करत होते. तेवढ्या किमतीत माणूस हौस म्हणून एक वस्तू घेतो, पण 50 हजारांपुढे हौस हा शब्द चालत नाही, असे वडिलांचे म्हणणे पडले. घाऊक व्यापाऱ्याला आज नकार कळवला आहे.

डेमो पीस मात्र मी ठेवणार आहे. साक्रीच्या त्या आजींसारखी आणखी पाच-पन्नास माणसे तो पाहून गेली आणि त्यांनी काहीच घेतले नाही, तरी मला चालेल. भाड्याने फिरवण्याची सूचना मला पटली. गुरुजी, आपल्या संस्थेत येत्या सोमवारी दुपारी मुलांना दाखवायला हेडसेट घेऊन आलो तर चालेल का, एवढे कृपया कळवावे. चेहऱ्याला लागणारा फोम नवीन बसवून आणतो, आणि वर्गात कूलर किंवा एसी आहे का तेही सांगावे.