उत्तर: क्लोजअपला ८५ की २४?

चेहऱ्याचा क्लोजअप घेताना ८५ मिमीची लांब लेन्स लावावी की २४ मिमीची वाइड, असा प्रश्न होता. ८५ ने चेहरा छान येतो आणि २४ ने नाक मोठं दिसतं, हे चर्चेत आलेलं निरीक्षण बरोबर आहे, पण कारण लेन्स नाही, अंतर आहे. ८५ मिमीने दीड मीटरवरून घेतलेली फ्रेम २४ ने तेवढीच हवी असेल तर कॅमेरा ४२ सेंटिमीटरवर न्यावा लागतो. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटिमीटर मागे. म्हणजे दीड मीटरवर नाक कानांच्या तुलनेत जेमतेम ८ टक्के मोठं दिसतं, ४२ सेंटिमीटरवर मात्र जवळपास २९ टक्के. कॅमेरा न हलवता नुसती लेन्स बदलून बघा आणि २४ चा शॉट क्रॉप करा. चेहऱ्याची ठेवण तीच राहते.

या चर्चेत कोणी न मांडलेला मुद्दा नजरेचा. ज्याच्याशी बोलायचं तो समोरचा नट लेन्सपासून ३० सेंटिमीटर बाजूला बसला असेल, तर दीड मीटरवरून क्लोजअपमधल्या नटाची नजर साधारण ११ अंश बाजूला जाते, ४२ सेंटिमीटरवरून ३५ अंश! मग तो भलतीकडेच बघतोय असं वाटतं आणि उलट बाजूचा, म्हणजे समोरच्या नटाचा, शॉट जुळत नाही. अशा वेळी मॅटबॉक्सच्या (लेन्सपुढे नको असलेला उजेड अडवायला लावलेल्या चौकटीच्या) कडेला, लेन्सला अगदी लागून, रंगीत टेपची खूण चिकटवा आणि नटाला तिच्याकडे बघून बोलायला सांगा. समोरच्याचे संवाद देणारा शक्य तितका कॅमेऱ्याला चिकटून उभा करा. दोन्ही बाजूंचे शॉट घेताना लेन्स, कॅमेऱ्याची उंची आणि टेपने मोजलेलं अंतर लिहून ठेवाच. अंतर मोजायचं ते कॅमेऱ्यावरच्या सेन्सरच्या (चित्र टिपणाऱ्या भागाच्या) खुणेपासून, लेन्सच्या तोंडापासून नाही.