मदत हवी आहे: शिडाच्या बोटीला लिथियम बॅटरी, 100 एएच (अँपिअर-तास) पुरेल की 280?

नमस्कार मंडळी,

माझी 26 फुटी शिडाची बोट आहे, वजन साधारण दोन टन. अपोलो बंदरासमोर बोयाला बांधलेली असते. जुनं डिझेल इंजिन गंजून निकामी झालं तेव्हा 48 व्होल्टची, 6 किलोवॅटची इलेक्ट्रिक मोटर बसवली. पैसे तिथेच संपले, म्हणून बॅटऱ्या साध्या घेतल्या: 12 व्होल्ट, 100 एएचच्या चार लेड-अ‍ॅसिड. आता त्या बदलायच्याच आहेत. कारण सांगतो.

एप्रिलमध्ये वडिलांना घेऊन मांडव्याला गेलो होतो. परतताना संध्याकाळी खारा वारा एकदम पडला. उधाणाचे दिवस, ओहोटी जोरात, शीड नुसतं लोंबतंय. मोटर 5 नॉटच्या (तासाला 5 सागरी मैल) वेगाला लावली. बाबा टॉर्च धरून मीटर वाचून दाखवत होते: 48, 46.5, 45... 43 व्होल्टला कंट्रोलरने मोटर बंद केली. जेमतेम पन्नास मिनिटं झाली होती आणि आम्ही नेमके मोठ्या जहाजांच्या वाटेत होतो. न्हावा-शेवाकडे जाणाऱ्या कंटेनर जहाजाचे दिवे दिसायला लागले तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, फक्त त्यांनी माझं लाइफ जॅकेट ओढून घट्ट केलं. करंजाच्या एका मासेमारी होडीच्या तांडेलाने दोर टाकला आणि आम्हाला ओढून बाहेर काढलं. त्याने एक पैसा घेतला नाही. ते उपकार कधी फिटायचे नाहीत.

तर आता आकडे. भरती पूर्ण होऊन पाणी स्थिर असताना, वारा नसताना मी स्वतः मोजलेत: 3 नॉटला 12 अँपिअर, 4 नॉटला 28, 5 नॉटला 64. म्हणजे अंदाजे 600 वॅट, 1400 वॅट आणि 3200 वॅट.

मांडवा ते गेटवे सुमारे 8 सागरी मैल. 4 नॉटने दोन तास, म्हणजे 2.8 युनिट. या हिशेबाने 48 व्होल्ट 100 एएचचा एक लिथियम पॅक (5.12 युनिट) भरपूर झाला. पण तोच हिशेब लेड-अ‍ॅसिडलाही मी केला होता आणि तो किती चुकला ते वर लिहिलंच आहे. मित्र म्हणतो 280 एएचचे 16 सेल घे. खर्च जवळजवळ तिप्पट होतो. शिवाय बोयावर वीज नाही, मग एवढी बॅटरी भरायची कशी? पेट्रोल जनरेटर ठेवावा का? जुना चार्जर चालेल का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

उत्तर: सुकती

दादा, आधी बाबा कसे आहेत ते सांगा.

लेडचं काय झालं ते सोपं आहे. त्यावर लिहिलेले 100 एएच हे वीस तास सावकाश, म्हणजे 5 अँपिअरने काढले तरच मिळतात. तुम्ही 64 ने ओढत होतात, तेव्हा हाती निम्मेच येतात. तुम्ही म्हणता त्या लिथियममध्ये (लिथियम आयर्न फॉस्फेट) ही अडचण जवळपास नाही. 64 ने ओढलं तरी लिहिलेलं बहुतेक सगळं मिळतं.

पण तुमची खरी चूक बॅटरीत नाही, मैल मोजण्यात आहे. ओहोटी 2 नॉटची धरा. 4 नॉटने चाललात तर समुद्राच्या तळाच्या हिशेबाने 2 नॉटच सरकता. 8 मैलांना चार तास, 5.6 युनिट. 5 नॉटने हाणलंत तर दोन तास चाळीस मिनिटं, पण खर्च साडेआठ युनिट. 100 एएचच्या एका पॅकमधून निर्धास्त वापरायचे ते 80 टक्के, म्हणजे 4.1 युनिट. पुन्हा तिथेच अडकाल.

मी बॅटरी घेताना वेळ मोजतो. आपल्याकडे ओहोटी साधारण सहा तासांची. बोट 4 नॉटने सहा तास चालली पाहिजे, म्हणजे उलटं पाणी पूर्ण सरेपर्यंत मोटर हातात राहते. 1400 वॅट गुणिले सहा, 8.4 युनिट. 100 एएचचे दोन पॅक समांतर जोडले की 10.2 युनिट होतात, त्याचे 80 टक्के 8.2. जवळजवळ बसतं.

280 चा एकच मोठा पॅक मी घेणार नाही. त्याचा बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गडबड दिसली की पॅक बंद करणारं सर्किट) एखाद्या सेलवरून रुसला की मोटर क्षणात बंद, तीही जहाजांच्या वाटेत. दोन पॅक, प्रत्येकाला स्वतःचा 100 अँपिअरचा बीएमएस, स्वतःचा क्लास टी फ्यूज (शॉर्टसर्किटचा मोठा करंट तोडणारा) आणि स्वतःचा स्विच. एक गेला तरी दुसरा 64 अँपिअर एकटा देतो. फक्त पहिल्यांदा जोडण्याआधी दोन्ही पूर्ण चार्ज करून व्होल्टेज जुळवा, नाहीतर एकातून दुसऱ्यात धो धो करंट जातो.

उत्तर: मतलई

सुकती यांच्याशी सहमत. चार्जिंगबद्दल लिहितो.

जनरेटर नको. तुम्ही रविवारी जाता, मधले सहा दिवस ऊन फुकट आहे. 200 वॅटची दोन पॅनेल आडवी ठेवलीत तर डोलकाठीची सावली आणि उष्णतेचं नुकसान धरूनही दिवसाला एक ते दीड युनिट मिळतं. आठवड्यात सहा ते नऊ.

इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो होतो. 200 वॅटच्या साध्या पॅनेलचं उघडं (काही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज 24 च्या आसपास. दोन सिरीजमध्ये लावली तरी 48. तुमची बॅटरी भरायला 55 लागतात. साधा एमपीपीटी (सोलरचा चार्ज कंट्रोलर) व्होल्टेज फक्त उतरवतो, चढवत नाही. महिनाभर मला वाटत होतं की पॅनेल खराब आहेत. प्रत्येक पॅनेलला वेगळा बूस्ट एमपीपीटी लावा, म्हणजे बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) सावली एकावर पडली तरी दुसरं चालू राहतं.

सेटिंग: 16 सेलना 55.2 व्होल्ट, म्हणजे सेलला 3.45. फ्लोट (भरून झाल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज) 53.6 च्या वर नको. सेलची मर्यादा 3.65 आहे, पण तिथपर्यंत रोज नेऊन काही मिळत नाही. जुना लेडचा चार्जर अजिबात लावू नका. त्याचा इक्वलाइज मोड (लेडचे सेल समान करण्यासाठी मुद्दाम जास्त व्होल्टेज देणारा) 60 च्या वर जातो. पावसाळ्यात बोट वर काढाल तेव्हा पॅक निम्मे भरून, तारा सोडवून, घरात सावलीत ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बाबा ठणठणीत आहेत, पुढच्या फेरीला येतो म्हणतात.

दोन पॅक घेतो, ठरलं. एक शंका उरली: वारा पडला आणि पाणी उलटं असेल तर 4 नॉटनेच रेटायचं की हळू?

उत्तर: सुकती

प्रवाहाच्या दीडपट वेग सर्वांत काटकसरीचा. 2 नॉट उलटं असेल तर 3 नॉट. पण मग 8 मैलांना आठ तास लागतात, तोवर पाणी फिरलेलंच असतं. त्यापेक्षा आधी जहाजांची वाट आडवी पार करून उथळ पाण्यात या, नांगर टाका, भरती लागली की निघा. नांगराचा दोर किती मीटर आहे तुमच्याकडे?

धागाकर्ता

वीस. पुढच्या आठवड्यात पन्नास मीटरचा आणतो.