विशेष शिक्षक वर्गात हवा की बाजूच्या खोलीत?

मानेवाड्याची आई
वाद व्हावा म्हणूनच धागा काढून राहिली, आधीच सांगते. माझं म्हणणं आहे की पहिली ते पाचवीच्या शाळेत विशेष शिक्षकानं (म्हणजे दिव्यांग किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठी येणाऱ्या शिक्षकानं) मुलाला वर्गातून उठवायचं, बाजूच्या खोलीत न्यायचं, तासभर शिकवायचं आणि परत आणून सोडायचं, ही पद्धत बंद व्हायला पाहिजे. त्या मॅडमनी वर्गातच बसावं, वर्गशिक्षकाच्या जोडीनं काम करावं, आणि मूल वर्गशिक्षकाचंच राहावं.

आता का ते. पोरगा तिसरीत आहे. वाचताना भ आणि म, घ आणि ध यांची अदलाबदल करतो, जोडाक्षर आलं की अडून बसतो, पण तोंडी विचारा तर धडाधड सांगतो. विशेष शिक्षिका येतात त्या दिवशी त्याला नेमकं मराठीच्याच तासाला बाहेर नेतात. म्हणजे ज्यात मागे आहे तोच तास बुडतो. परत येतो तर फळा अर्धा पुसलेला, वही कोरी, आणि वर्गाच्या बाई म्हणतात याचं स्पेशल मॅडमला विचारा. मॅडम म्हणतात मी आता पुढच्या आठवड्यात. मग मधल्या दिवसांत हा पोरगा कोणाचा? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 16 आहे, त्यात शिकण्यातल्या अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि त्यावर शिकवण्याचे उपाय करा असं शाळेला सांगितलंय, एकट्या विशेष शिक्षकाला नाही.

बोला आता.

कुहीचे गुरुजी
ताई राग नका मानू, पण वर्ग चालवून पाह्यला काय कधी? माह्याकडे तिसरी-चौथी एकत्र. त्याच्यात पोषण आहाराचा हिशोब, यूडायसची म्हणजे शाळेची ऑनलाइन माहिती भरा, कोणाचं आधार जुळत नाही म्हणून त्याच्या घरी चकरा, निवडणूक आली का बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. वर्गात एक पोट्टा असा हाय का पाच मिनिटं एका जागी बसत नाही. मी त्याच्यापाशी बसलो का बाकीचे बोंबलतात. विशेष शिक्षक त्याले अर्धा तास घेऊन गेले तर मले बाकीच्याइचे पाढे घेता येतात. हे कशाले लपवू?

अन् वर्गशिक्षकानं शिकवावं म्हणता, तर आम्हाले डीएडले याच्यावर शिकवलं किती? एखादं प्रकरण, तेही परीक्षेपुरतं. नंतरचं ट्रेनिंग म्हणजे सही करा, चहा प्या, पीपीटी पाहा.

मानेवाड्याची आई
गुरुजी तुमची अडचण खरी आहे, पण तुमच्या बोलण्यात तो पोट्टा गेला की वर्ग सुरू होतो असंच येऊन राहिलं ना. मला तेच खटकते.

स्कुटीवरची बाई
मी तीच 'स्पेशल मॅडम'. तुमच्या शाळेची नाही, पण काम तेच. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेत कंत्राटावर बरीच वर्षं काढली, म्हणून दोघांनाही थोडं सुनावते.

आधी ताईंना. मी वर्गात बसावं म्हणता, कोणत्या वर्गात? माझ्याकडे दहा-बारा शाळा आहेत, काही गावात तर काही पार उमरेड रोडच्या आत, मे महिन्यात नाही तरी जूनच्या शेवटी शाळा उघडतात तेव्हाही ऊन असतंच. शिवाय जी मुलं शाळेत येऊच शकत नाहीत त्यांच्या घरी जायचं. 2012 च्या दुरुस्तीनंतर शिक्षण हक्क कायद्यात तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय आहे, तो राबवते कोण? आम्हीच. एका शाळेत महिन्यातून मोजके दिवस मिळतात. त्या वेळात वर्गात मागच्या बाकावर बसून मी काय करू, मराठीचा धडा ऐकू?

दुसरं, काही गोष्टी भर वर्गात होतच नाहीत. तुमच्या मुलासारख्या मुलाला आधी आवाज वेगळे करून ऐकवावे लागतात. 'कमळ' मधला क काढला तर काय उरेल, 'भात' आणि 'मात' मध्ये पहिला आवाज वेगळा आहे का, मग रेतीत बोटानं भ गिरवत तोंडानं म्हणायचं, रोज थोडं थोडं, तेच तेच. बाजूला पस्तीस मुलं एका सुरात पाढे म्हणत असताना हे करून दाखवा. आणि तिसरीतल्या मुलाला सगळ्यांसमोर रेतीत अक्षर गिरवायला लावलं तर तो दुसऱ्या दिवशी शाळेत येणार नाही.

आता गुरुजी. मी महिन्यातून येऊन जे करते त्यानं मूल वाचायला लागणार नाही, मधल्या दिवसांत तुम्ही केलं तरच लागेल. मी प्रत्येक मुलाचा वैयक्तिक आराखडा लिहून देते. त्यात असतं तरी काय? ऐकू कमी येणाऱ्याला पुढं बसवा आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका. कमी दिसणाऱ्यासाठी फळ्यावर मोठं लिहा आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचा. सतत उठणाऱ्याला खडू आणायला पाठवा, वह्या वाटायला सांगा, उठू द्या पण कामासाठी. सेरेब्रल पाल्सीच्या मुलीची पेन्सिल जाड करा आणि पाच गणितांऐवजी दोन द्या. यातलं कशाला वेगळा शिक्षक लागतो? आराखडा मुख्याध्यापकांच्या कपाटात जातो आणि तपासणीच्या दिवशी बाहेर येतो.

धरमपेठचा बाबा
ताईंच्या विरोधात लिहितोय. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, इंग्रजी माध्यमात दुसरीला. वर्गात पंखे खडखडतात, बेल वाजते, डिसेंबरमध्ये गॅदरिंगची प्रॅक्टिस सुरू झाली की तो कानावर हात ठेवून बाकाखाली. त्याच्यासाठी ती छोटी रिसोर्स रूम म्हणजे शाळेतली एकमेव जागा जिथे तो शिकतो. तिथे भिंतीवर दिवसभराचं चित्रांचं वेळापत्रक आहे, पुढे काय होणार हे त्याला कळतं. ती खोली बंद करा म्हणणारे लोक समावेशनाच्या नावाखाली मुलाला फक्त वर्गात बसवून ठेवतात, आणि मग सगळे खूश की बघा आमच्या शाळेत सगळे एकत्र. एकत्र बसणं आणि एकत्र शिकणं यात फरक नाही का?

आणि खाजगीचं एक सांगतो, इथे शॅडो टीचर, म्हणजे दिवसभर मुलासोबत राहणारी वेगळी शिक्षिका ठेवा म्हणतात, पगार पालकांनी द्यायचा. फी वेगळी. तुमच्याकडे सरकारी मॅडम महिन्यातून तरी येतात.

मानेवाड्याची आई
दादा, खोली असू द्या ना, मी कुठे कुलूप लावा म्हटलं? मुलाला गोंगाट सहन होत नसेल तेव्हा तिथे जाता यावं. माझा आक्षेप आहे तो खोली हीच त्याची शाळा होण्याला. तुमचा मुलगा डबा कोणासोबत खातो? खेळाच्या तासाला कुठे असतो?

धरमपेठचा बाबा
डबा शॅडो टीचरसोबत. खरं आहे. पण तो प्रश्न गोंगाट कमी झाल्यावर येईल, आज नाही.

नंदनवन ४४००
माझं पोरगं त्या वर्गात आहे ज्यात असं एक मूल आहे, म्हणून बोलतो. वाईट वाटून घेऊ नका पण बाकीच्यांचा पण विचार करा की नाही? आम्ही पण फी भरतो. एका मुलामुळे धडा तिथेच थांबून राहिला तर पन्नास मुलांचं नुकसान, वेगळ्या शाळा आहेत ना त्यांच्यासाठी.

स्कुटीवरची बाई
नुकसान होतं ते एका शिक्षकाकडे पन्नास मुलं दिल्यानं होतं दादा. आणि शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, कायदा आहे. तुमच्या पन्नासमध्ये शोधलं तर न सांगितलेली आणखी दोन-तीन सापडतील, ज्यांना घरी 'आळशी' म्हणतात.

मोठी बहीण, कामठी
मी मात्र वेगळ्या शाळेच्याच बाजूनं आहे, पण वरच्या दादांच्या कारणानं नाही. माझी बहीण जन्मापासून ऐकू शकत नाही. चौथीपर्यंत गावच्या शाळेत होती, सगळे चांगले होते, कोणी त्रास दिला नाही, पण दिवसभर तिच्याशी बोलायला कोणी नव्हतं. एकाही मुलाला खुणांची भाषा येत नव्हती आणि जे विशेष शिक्षक यायचे त्यांचं शिक्षण बौद्धिक अक्षमतेचं, त्यांनाही येत नव्हती. कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व आहे, डीएड-बीएड स्पेशल करताना एकाच प्रकारात तयारी होते, आणि नोकरी लागली की सगळे प्रकार एकाच माणसाच्या गळ्यात. त्या सरांचा दोष नाही. मूकबधिर शाळेत गेल्यावर तिला पहिल्यांदा मैत्रिणी मिळाल्या, भांडणंसुद्धा मिळाली. म्हणून वर्गात की खोलीत हे भांडण मला अपुरं वाटतं. आधी विचारा, त्या शिक्षकाला या मुलाची भाषा येते का.

स्कुटीवरची बाई
याला माझ्याकडे उत्तर नाही. माझी पदविका पण बौद्धिक अक्षमतेची. ब्रेल मी नोकरीत लागल्यावर शिकले, तीसुद्धा मुळाक्षरांपुरती.

कुहीचे गुरुजी
पण मॅडम, मंग सरकार भरत काहून नाही? कोर्टानं प्रमाण ठरवून देल्लं म्हणे.

स्कुटीवरची बाई
हो, 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रजनीशकुमार पांडे प्रकरणात निकाल दिला, मग 2022 मध्ये केंद्र सरकारनं प्रमाण ठरवलं: प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला 15 मागे एक. मार्च 2025 मध्ये कोर्टानं पुन्हा राज्यांना पदं मंजूर करून भरा म्हणून बजावलं. आपल्या राज्यानं 2024 मध्ये शाळांच्या केंद्रस्तरावर (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) 4860 पदं ठरवली, म्हणजे केंद्राला एक. आता ताईंनी हिशोब करावा, केंद्रातल्या सगळ्या शाळांना मिळून एक माणूस. तुमच्या शाळेत अशी तीनच मुलं असतील तर पूर्णवेळ माणूस तुमच्या वाट्याला येतच नाही. म्हणून म्हणते, मला वर्गात बसवायचा हट्ट सोडा.

मानेवाड्याची आई
उलट यातूनच माझा मुद्दा पक्का होऊन राहिला मॅडम. तुम्ही येणारच महिन्यातून मोजके दिवस, तर ते दिवस माझ्या एकट्या पोराला रेतीत भ गिरवायला लावण्यात का घालवता? ते गिरवणं वर्गाच्या बाईंना शिकवा, मला शिकवा, मी रोज संध्याकाळी घेते. तुम्ही बाईंचा तास बघा आणि सांगा की फळ्यावरून उतरवून घ्यायला इतकं देऊ नका, प्रश्नाचं उत्तर तोंडी घ्या. तुम्ही गेल्यावर जे मागे उरेल तेच तुमचं खरं काम.

स्कुटीवरची बाई
बरोबर बोलता, पण मोठ्या माणसांना शिकवायचा मला अधिकार दिला कोणी? मी कंत्राटी, त्या कायम आणि वीस वर्षांच्या सीनियर. त्यांच्या वर्गात मागं बसून मी त्यांना सांगू की तास असा घेऊ नका? एकदा बोलून बघितलं, पुढच्या भेटीला वर्गात बसायला खुर्चीच नव्हती. मुलाला खोलीत नेलं तर निदान मुलाशी काम होतं.

कुहीचे गुरुजी
हे मात्र खरं हाय 😀 आमच्यातले काही लोक साहेबाचं ऐकत नाही, तर मॅडमचं काय ऐकतीन. पण मले सांगा, प्रमाणपत्राचं काय? पालक म्हणते सर्टिफिकेट आणतो मंग सवलत द्या, अन् दवाखान्यात तारखाच तारखा.

स्कुटीवरची बाई
गुरुजी सर्टिफिकेट लागतं ते परीक्षेच्या सवलतीला, लेखनिक, तासाला 20 मिनिटं जास्तीची, पुढे आरक्षण वगैरे, त्यासाठी. एसएलडीचं, म्हणजे वाचन-लेखनासारख्या शिकण्यातल्या अक्षमतेचं, तर आठ वर्षांच्या आधी मिळतच नाही. पण पहिलीतल्या मुलाला पुढं बसवायला, तोंडी विचारायला कोणता कागद लागतो? अशी मुलं ओळखण्यासाठीच्या प्रशस्त ॲपमधला पहिला भाग वर्गशिक्षकानंच भरायचा आहे, शंका वाटली की भरा, दुसरा भाग मी बघते. दोन वर्षं कागदाची वाट बघत बसलात तर मूल तोवर शाळेचा धसका घेतं.

धरमपेठचा बाबा
आणि आता पाचवीला वार्षिक परीक्षा आहे, पुनर्परीक्षेतही नाही जमलं तर त्याच वर्गात. हा धसका मुलाआधी आम्हालाच बसलाय.

मानेवाड्याची आई
तेच तर. पाचवीचा पेपर तो कोणत्या खोलीत बसून देणार हे आतापासून ठरवायचं की नाही? मॅडम, एक सांगा, निदान मराठीच्या तासाला बाहेर नेऊ नका एवढं तरी मान्य?

स्कुटीवरची बाई
मान्य. खेळाच्या तासाला पण नेणार नाही, त्यात मुलं रडतात. पण मग कोणत्या तासाला? परिपाठाच्या वेळी घेतलं तर मुख्याध्यापक म्हणतात मूल राष्ट्रगीताला रांगेत हवं. शाळा सुटल्यावर घेतलं तर त्याला घरी कोण नेणार? वेळापत्रक माझ्या हातात नाही, मी पोचते तेव्हा जो तास चालू असतो तो.

कुहीचे गुरुजी
या महिन्यात आमच्या केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे शिक्षकाइची बैठक हाय. वेळापत्रकात विशेष शिक्षकाचा तास आधीच लिहून ठेवा, असा विषय मी काढतो. केंद्रप्रमुख म्हणतीन, गुरुजी पहिले यूडायस भरा.

मानेवाड्याची आई
मग पालकांना पण बोलवा ना त्या परिषदेला.

कुहीचे गुरुजी
बोलावतो, पण खुर्ची घरून आणा.