गोठ्याची रोषणाई आणि गाण्यांच्या फायली

नाताळच्या गोठ्याला, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याला, लावलेल्या एलईडी पट्टीचं शेवटचं टोक पिवळट दिसतंय, ती दुकानात परत करू का, असं एकाने विचारलंय. नका करू, पट्टीत खोट नाही. ५ व्होल्टच्या डब्ल्यूएस२८१२बी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येतो ती) पट्टीत एकेक एलईडी पूर्ण पांढऱ्यावर साधारण ६० मिलिअँपिअर खातो. १५० एलईडी म्हणजे झाले ९ अँपिअर. पट्टीतलं तांबं पातळ, त्यामुळे टोकाला पोचेस्तोवर व्होल्टेज घसरतं. पांढरा रंग लाल, हिरवा, निळा मिळून होतो; त्यात निळ्याला व्होल्टेज जास्त लागतं, म्हणून लाल तग धरतो आणि निळा आधी मान टाकतो. त्याच पॉवर सप्लायची जाड वायर दुसऱ्या टोकालाही जोडा. मोबाइलच्या चार्जरचा नाद सोडा, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दमदार सप्लाय मिळतो. आणि गोठ्याला लग्नाच्या मंडपासारखा झगमगाट हवाय कशाला? ब्राइटनेस निम्म्यावर आणला तरी अर्धं काम होतं.

चर्चच्या पडद्यावर गाण्यांऐवजी भलतीच अक्षरं उमटतात, हे मात्र खरं दुखणं. कॉयरच्या (चर्चच्या गायकवृंदाच्या) जुन्या फायली युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्या चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या, आधीच्या फाँटमधल्या असतात. तो फाँट लॅपटॉपवर नसला की सगळा काला. जुना फाँट युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलं तरी रफार आणि पहिली वेलांटी हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. आमच्याकडे करंज्या भरता भरता मावशी वहीतून मोठ्याने वाचते आणि भाची स्क्रीनवर दुरुस्त करते. नंतर सगळं ओपनएलपी या गाण्यांचे शब्द पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचं; ते फुकट आहे, लिनक्सवरही चालतं. फक्त २४ तारखेच्या संध्याकाळी त्या लॅपटॉपवर कुणाला अपडेट मारू देऊ नका.