खुर्ची बदलली की डॉक्टर बदलतो?

सरकारी आरोग्य यंत्रणेतून औषध कंपनीत गेलेला डॉक्टर म्हणजे विकला गेलेला माणूस, असं काही जण म्हणतात, आणि दोन्ही नोकऱ्यांमध्ये सक्तीचं अंतर हवं अशी मागणी करतात. पहिलं सरसकट नाही पटत. ज्युली गर्बरडिंग २००२ ते २००९ अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या प्रमुख होत्या, २०१० मध्ये मर्क या औषध कंपनीच्या लस विभागाच्या अध्यक्ष झाल्या. भुवया उंचावल्या, ते रास्तच.

पण त्याच मर्कचे रॉय वॅगेलोस बघा. हेही डॉक्टर, आधी एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत संशोधक. ते प्रमुख असताना, १९८७ मध्ये, कंपनीने रिव्हर ब्लाइंडनेसवरचं (जंतामुळे होणारा, आंधळं करणारा रोग) आयव्हरमेक्टिन हे औषध गरज असेपर्यंत फुकट द्यायचं जाहीर केलं. ही गोळी पूर्ण वाढलेला जंत मारत नाही, त्याची पिल्लं मारते. जंत जगतो दहा-पंधरा वर्षं. म्हणजे पुरवठाही वर्षानुवर्षं आलाच! डोस ठरतो वजनावर, पण आफ्रिकेतल्या खेड्यांत वजनकाटा कुठून आणणार? मग खुणा केलेली काठी माणसाशेजारी उभी करायची आणि उंचीप्रमाणे गोळ्या द्यायच्या. (मला ही काठी त्या निर्णयाइतकीच भारी वाटते.)

अर्थात या रोगाच्या रुग्णांत त्या औषधाला पैसे मोजू शकणारं गिऱ्हाईकच नव्हतं, हेही खरं. आणि दोन खुर्च्यांमध्ये चार-पाच वर्षांचं अंतर सक्तीचं असावं, यावर मी ती मागणी करणाऱ्यांच्याच बाजूने आहे.